मोजण्याची विद्या

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक नवा शब्द आला आणि त्यानें पंधरा दिवस माजघरापासून ओसरीपर्यंत कोणास स्वस्थ बसूं दिलें नाहीं. तो शब्द म्हणजे ‘जागतिक आरोग्य’. आमच्या धाकट्या बंधूंची नात यंदा बी. एस्सी. झाली. पुढें काय करणार, असें विचारतां तिनें सांगितलें कीं, आपण मुंबईस जाऊन सार्वजनिक आरोग्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेणार आणि त्यांतही जागतिक आरोग्य हा विषय धरणार. आमचें कुटुंब एकत्र. चूल एक, मतें सतरा. बंधु म्हणाले, "रोगी तपासण्याचा अधिकार नाहीं, औषध लिहून देण्याचा अधिकार नाहीं, मग ही करणार काय? जगाची नाडी पाहणार?" भावजयीची काळजी निराळी. मुलगी काय शिकली असें स्थळाकडील मंडळींनीं विचारलें तर त्यांस उत्तर काय द्यावयाचें, हें तिला कळेना. पुतण्यानें फीचा आंकडा कागदावर मांडून तो सर्वांस दिसेल असा चौरंगावर ठेविला. शेवटीं, मास्तरकींत हयात घालविलेले घरांत आम्हीच, तेव्हां हा विषय शिकण्याजोगा आहे कीं नाहीं ह्याचा निकाल आम्हीं द्यावा, असें ठरलें.

वाचकांस येथेंच सांगितलें पाहिजे कीं, आम्ही जुने मॅट्रिक. त्यापुढील आमचें शिक्षण संस्कृताचें, आणि शाळेंत शिकविलें तेंही संस्कृतच, वेळप्रसंगीं गणित. वैद्यकाशीं आमचा संबंध इतकाच कीं, सुश्रुतसंहितेचे कांहीं अध्याय एका शास्त्रीबोवांपाशीं बसून वाचलेले. तथापि एक दंडक आम्ही नेहमीं पाळीत आलों आहों. जो विषय आठवीच्या मुलास सांगतां येत नाहीं, त्याविषयीं आपण मत देऊं नये. निवृत्तीनंतरही दर उन्हाळ्यांत वाड्याच्या ओसरीवर आम्ही आठवी ते दहावीच्या मुलामुलींचा वर्ग चालवितों. यंदा एकोणीस मुलें होतीं. आम्हीं नातीस म्हटलें, "तूं पुस्तकें गोळा कर, आम्ही शिकवितों. तीन आठवडे हा विषय ह्या पोरांपुढें ठेवूं. मग काय तें बोलूं."

पहिला दिवस फुकट गेला. नातीनें आणलेल्या पुस्तकांच्या आरंभीं पृथ्वीचा नकाशा, त्यावर तांबडे-पिवळे रंग, जिनीव्हा येथील जागतिक आरोग्य संघटना, तिची घटना ७ एप्रिल १९४८ रोजीं अमलांत आली, असा मजकूर होता. आम्हीं तो इमानानें सांगितला आणि मुलांनीं तितक्याच इमानानें जांभया दिल्या. एकानें विचारलें, "गुरुजी, ह्यांत वरोरा कोठें आहे?" नकाशावर वरोरा नव्हता. प्रश्नांत थोडा उद्धटपणा होता, पण प्रश्न रास्त होता. आम्हीं नकाशा गुंडाळून ठेविला.

दुसऱ्या दिवशीं मुलांस सांगितलें कीं, घरीं किंवा शेजारीं तान्हें मूल असेल त्याचे श्वास मोजून आणा. घड्याळ समोर ठेवावें, मुलाचें पोट वरखालीं होतें तें पाहावें आणि पुरें एक मिनिट मोजावें. सात मुलें आंकडे घेऊन आलीं. एका मुलीनें आपल्या पांच महिन्यांच्या भावाचे श्वास तीनदां मोजले होते. एकदां ४१, एकदां ५२, एकदां ३८. वर्गांत हंशा पिकला. आम्ही मात्र हंसलों नाहीं. मधला आंकडा एवढा कसा आला, असें विचारतां ती म्हणाली, "तेव्हां तो रडून नुकताच थांबला होता." वास्तविक तिनें त्या एका वाक्यांत अर्धा पाठ आमच्या वतीनें सांगून टाकिला. मूल शांत असतांना मोजावें, मिनिट पुरें होऊं द्यावें, शंका आली तर पुनः मोजावें, आणि मोजतेवेळीं स्थिति काय होती तें आंकड्याशेजारीं लिहावें.

मग त्या आंकड्यांचा अर्थ सांगितला. खोकला झालेलें मूल दोन महिन्यांच्या आंतील असून मिनिटास ६० किंवा अधिक श्वास घेऊं लागलें, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतचें असून ५० किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांचें असून ४० किंवा अधिक, तर न्यूमोनियाचा संशय धरून त्यास तात्काळ दवाखान्यांत न्यावें. ह्यास यंत्र लागत नाहीं, पदवी लागत नाहीं. मोजतां आलें पाहिजे. येथें ती मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे मीं ५२ हाच आंकडा धरला असता, तर आईचा जीव उगीच घाबरा केला असता." आणि दुसरा एक मुलगा म्हणाला, "आणि ज्या सुइणीला पन्नासापर्यंत अंकच येत नाहींत, तिनें काय करावें?"

हा प्रश्न त्या मुलाच्या आधीं गडचिरोलींत खरोखरच उभा राहिला होता. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत गडचिरोली आमच्याच चांदा जिल्ह्यांत मोडे. म्हणून ही गोष्ट आम्ही घरचीच समजतों. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हें दांपत्य नागपुरास वैद्यक शिकलें आणि पुढें अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन १९८४ सालीं परत आलें. गडचिरोलींत त्यांनीं ‘सर्च’ ही संस्था काढिली. अंक न येणाऱ्या सुइणींसाठीं त्यांनीं मण्यांचें एक साधें साधन केलें. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा, आणि मिनिट कळावें म्हणून वाळूचें घड्याळ. दहापर्यंत मोजणें बहुतेक बायांस येतें. अमेरिकेहून शिकून आलेल्या माणसांनीं मण्यांची माळ हातीं घ्यावी, ह्याची मुलांस मोठी मौज वाटली. आम्हांस त्यांत त्यांच्या शिक्षणाची खरी परीक्षा दिसली.

पुढची हकीकत अधिक महत्त्वाची आहे. १९९५ पासून ह्या संस्थेनें ३९ गांवांत नवजात बालकांची घरोघर देखभाल आरंभिली. गांवचीच थोडेंबहुत शिकलेली एक बाई निवडावयाची, तिला शिकवून तयार करावयाची आणि आरोग्यदूत हें नांव द्यावयाचें. तिनें बाळंतिणीच्या घरीं वारंवार जावें, बाळाचें वजन घ्यावें, त्यास ऊब द्यावी, अंगावरचें दूध नीट मिळतें कीं नाहीं तें पाहावें, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळास श्वास द्यावा, आणि जंतुदोषाचीं लक्षणें दिसलीं व आईबाप दवाखान्यांत जाण्यास तयार नसले, तर इंजेक्शनही द्यावें. हें शेवटचें ऐकून ओसरीच्या कोपऱ्यांत वर्तमानपत्र वाचीत बसलेले आमचे बंधु एकदम म्हणाले, "सातवी शिकलेली बाई इंजेक्शन देणार? आणि मूल दगावलें तर?" नात शांतपणें म्हणाली, "आजोबा, तीं मुलें आधींच दगावत होतीं. प्रश्न इतकाच होता कीं, ह्या रीतीनें अधिक दगावतात कीं कमी." त्यासाठींच ह्या ३९ गांवांशेजारीं दुसऱ्या ४७ गांवांतील जन्ममृत्यूही तितक्याच बारकाईनें मोजले जात होते, म्हणजे ताळा पाहतां यावा. तिसऱ्या वर्षीं असें दिसून आलें कीं, ताळ्याच्या गांवांशीं तुलना करतां नवजात बालकांचे मृत्यु शेंकडा ६२ इतके घटले आहेत. १९९९ सालीं हें विलायतेंतील ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांनीं नवजात बालकाच्या घरीं जाऊन देखभाल करावी, असें संयुक्त पत्रक काढिलें. आणि २०११ पासून आपल्या सरकारनें हें काम देशभर आशा कार्यकर्तींकडे सोंपविलें. बंधूंनीं वर्तमानपत्र पुनः वर केलें, पण बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाहीं.

बाल्टिमोरहून गडचिरोलीस काय आलें, असें आम्हीं वर्गास विचारलें. औषध तेथून आलें नाहीं. तीं औषधें नागपुरांत मिळतच होतीं. आली ती मोजण्याची रीत. वैद्य समोरच्या एका रोग्यास विचारतो, तुला काय झालें? ही विद्या विचारते, असें झालेले किती, कोणत्या घरचे, आणि जे दवाखान्यापर्यंत पोंचलेच नाहींत ते कोठें आहेत? दोन्हीं प्रश्न लागतात. पहिल्यास प्रतिष्ठा अधिक मिळते, इतकेंच.

एक पाठ आम्हीं मुलांस दिला नाहीं. तो नातीनें दुपारीं माजघरांत बायकांस दिला, आणि आम्हीं तो दाराआडून, म्हणजे अर्धाच, ऐकिला. १९८९ सालीं डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख त्याच ‘लॅन्सेट’मध्यें आला. गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांतील साडेसहाशे स्त्रियांची तपासणी करून त्यांनीं दाखविलें होतें कीं, त्यांपैकीं शेंकडा ९२ स्त्रियांस कांहीं ना कांहीं स्त्रीविकार आहे, आणि पूर्वीं अशी तपासणी झालेल्या शेंकडा आठच. तोंवर जगांत स्त्रियांच्या आरोग्याचा विचार बहुतेक गरोदरपण व संततिनियमन एवढ्यापुरताच होत असे. नात म्हणाली, "ह्या बायकांस कोणीं विचारलेंच नव्हतें, म्हणून त्या कोणाच्याच हिशेबांत नव्हत्या." माजघर गप्प झालें. त्या रात्रीं आमची भावजय नातीच्या खोलींत बराच वेळ बसली होती, आणि पुढच्या सोमवारीं त्या दोघी सकाळच्या गाडीनें नागपुरास जाऊन आल्या. काय तें त्या दोघींसच ठाऊक. स्थळाकडील मंडळींस काय सांगावें, हा विषय मात्र त्यानंतर घरांत निघाला नाहीं.

तिसऱ्या आठवड्यांत आम्ही ज्या विषयामुळें वरोऱ्याचें नांव जगास ठाऊक झालें त्याकडे वळलों. कुष्ठरोग म्हणजे काय, असें विचारतां एक मुलगा म्हणाला, "तो आनंदवनांतला रोग." जणूं रोगास बिऱ्हाड असतें आणि पत्ता असतो! आमच्या थोरांच्या बोलण्यांत ह्याचें नांव महारोग. हा शब्द ऐकतांच माणसें आवाज खालीं आणतात, म्हणून आम्हीं मुलांस सुश्रुताचार्यांचा आधार दाखविला. त्यांनीं आठ महागद, म्हणजे बरे होण्यास कठीण असे मोठे रोग, सांगितले आहेत. त्यांत कुष्ठ आहे, मूळव्याध आहे, मुतखडा आहे आणि प्रमेहही आहे. प्रमेहाचाच एक प्रकार मधुमेह. तो तर आतां आमच्या पंक्तींत दर तिसऱ्या पाटावर बसलेला असतो, आणि बिनसाखरेचा चहा मागतांना कोणी आवाज खालीं आणीत नाहीं. एका यादींतले दोन रोग. एकाची गोळी ताटाशेजारीं ठेवतात आणि दुसऱ्याचा चट्टा बाहीखालीं झांकतात. सुश्रुतांचें ‘कुष्ठ’ आजच्या कुष्ठरोगाहून पुष्कळच व्यापक आहे, त्वचेचे अनेक विकार त्यांत येतात, हें खरें. पण बधिरपणाचें लक्षण त्यांनीं नोंदलेलें आहे, आणि हा रोग सहवासानें एकापासून दुसऱ्यास होतो हेंही त्यांनीं सांगितलें आहे.

युरोपांत हें पटण्यास फार उशीर लागला. गेल्याच्या मागल्या शतकांत तेथील पुष्कळ विद्वान् कुष्ठरोग आनुवंशिक मानीत. नॉर्वे देशानें १८५६ सालीं एक नोंदवही काढिली आणि देशांतील प्रत्येक कुष्ठरोग्याचें नांव, गांव, घर तींत लिहिण्यास आरंभ केला. रोग घराण्याबरोबर चालतो कीं सहवासाबरोबर, हें ताडून पाहण्यास ह्या वहीचा मोठा उपयोग झाला. बर्गेन शहरींच्या डॉ. हॅन्सेन ह्यांनीं १८७३ सालीं रोगाचा जंतु पाहिला. पण जंतु पाहिला म्हणजे तोच रोग करितो असें सिद्ध होत नाहीं. तें सिद्ध करण्याच्या उतावळीनें हॅन्सेन ह्यांनीं १८७९ सालीं एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यांत, तिची संमति न घेतां, दुसऱ्या रोग्याच्या गांठींतील द्रव्य टोंचलें. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि १८८० सालीं त्यांस रुग्णालयांतील जागा गमवावी लागली.

ही हकीकत सांगून आम्ही वरोऱ्यास आलों. मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, हे ह्याच गांवीं वकिली करीत आणि नगरपालिकेचें काम पाहात. पावसांत गटारीशेजारीं पडलेला तुळशीराम नांवाचा कुष्ठरोगी पाहून ते प्रथम भिऊन घरीं पळाले, मग स्वतःच्या भीतीची लाज वाटून परतले, ही गोष्ट वरोऱ्याच्या पोरांस पाठ असते. पण पुढची तितकी पाठ नसते. नुसत्या कळवळ्यावर न थांबतां ते कलकत्त्यास उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयांत कुष्ठरोगाचें शिक्षण घेण्यास गेले. महारोगी सेवा समिति १९४९ ची, आनंदवन १९५१ चें. कुष्ठजंतु प्रयोगशाळेंतील कोणत्याही पात्रांत वाढत नाहीं, आजही वाढविता आलेला नाहीं. माणसाच्या अंगांत तो वाढवून पाहावा असा विचार निघाला, तेव्हां बाबांनीं स्वतःचा देह पुढें करून तो टोंचून घेतला. रोग लागला नाहीं. आम्हीं वर्गास विचारलें कीं, हॅन्सेन आणि बाबा, दोघांनीं केलें तें एकच ना? थोडा वेळ कुजबुज झाली. मग मागच्या रांगेंतली एक मुलगी म्हणाली, "नाहीं. त्यांनीं दुसऱ्याचा डोळा घेतला, ह्यांनीं स्वतःचें अंग दिलें." नातीनें तिचें वाक्य आपल्या वहींत उतरून घेतलें.

आमच्या वाचकांपैकीं कोणास वाटेल कीं, हा रोग आपल्या घरांच्या उंबऱ्यापर्यंत येत नाहीं. त्यांनीं परचुरे शास्त्र्यांची आठवण करावी. ते संस्कृताचे पंडित. रोग झाल्यावर १९३९ च्या सुमारास ते सेवाग्रामास आले. गांधीजींनीं त्यांस आपल्या कुटीजवळ ठेवून घेतलें आणि स्वतःच्या हातांनीं त्यांच्या अंगास तेल चोळलें. त्याचें छायाचित्र पुष्कळांनीं पाहिलेलें असतें. तो रोगी कोण, हें थोड्यांनीं विचारलेलें असतें.

त्या दिवशीं शेवटीं आम्हीं मुलांस एक कसोटी दाखविली. देवघरांतून कापसाची एक वात आणिली. एकानें डोळे मिटावे, दुसऱ्यानें वातीचें टोंक त्याच्या हातास हलकेंच लावावें, आणि पहिल्यानें बोट ठेवून जागा दाखवावी. निरोगी त्वचेवर जागा बरोबर दाखवितां येते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाहीं. मुलें ह्या खेळांत रमलीं आणि वर्ग सुटला. एक मुलगा तेवढा चपला शोधण्याच्या निमित्तानें मागें राहिला. सर्व गेल्यावर त्यानें उजवी बाही वर केली. कोपराखालीं रुपयाएवढा फिकट चट्टा होता. त्यानें डोळे मिटले, आम्हीं वात लावली. तो वाट पाहात राहिला. शेवटीं म्हणाला, "लावा ना, गुरुजी."

आम्ही त्याच्याबरोबर त्याच्या घरीं गेलों. वडिलांनीं आधीं दार लोटून घेतलें. मोठ्या मुलीचें लग्न ज्येष्ठांत ठरलेलें. आमंत्रणपत्रिका कोनाड्यांत गठ्ठ्यानें ठेवलेल्या. ते हात जोडून म्हणाले, "मास्तर, एवढें कार्य पार पडूं द्या. मग तुम्ही म्हणाल तेथें नेतों." आम्हीं जें वर्गांत सांगितलें होतें तेंच पुनः सांगितलें. चट्टा एखाददुसराच असला, तर औषध सहा महिन्यांचें. सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें. बहुतेक माणसांच्या अंगीं ह्या जंतूस दाद न देण्याची शक्ति उपजतच असते. औषध सुरूं झाल्यावर रोग्यापासून दुसऱ्यास लागण होण्याची भीति लौकरच नाहींशी होते. ताटवाटी निराळी करण्याचें कारण नाहीं. भीति आहे ती थांबण्यांत, कारण ज्जातंतु एकदां गेला म्हणजे बोटें वांकडीं होतात आणि मग औषधानें जंतु मरतो, बोट सरळ होत नाहीं. वडील पत्रिकांकडे पाहात बसले. मुलाची आई दाराशीं उभी होती. ती म्हणाली, "उद्यां सकाळीं मी घेऊन जातें," आणि आंत स्वयंपाकास गेली. निदान खरें ठरलें. घरांतील सर्वांची तपासणी झाली. रिफॅम्पिसिनची एकेक मात्रा प्रतिबंधक म्हणून त्यांस देण्यांत आली. लग्न ठरल्या तिथीस झालें. व्याह्यांस सांगितलें कीं नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं.

ह्याच मुलाच्या आजाराविषयीं दोन वर्षांपूर्वीं कोणी बोललें असतें, तर गांवांतील शहाण्यांनीं सांगितलें असतें कीं, कुष्ठरोगाचें निर्मूलन झालेलें आहे. डिसेंबर २००५ मध्यें आपल्या देशानें तसें गांठलें, हें खरें आहे. पण गांठलें काय? तर दहा हजार लोकवस्तींत उपचार चालू असलेला एकाहून कमी रोगी. सार्वजनिक प्रश्न म्हणून रोग उरला नाहीं, असा त्याचा पारिभाषिक अर्थ. आम्हां संस्कृत शिकविणाऱ्यांस हा शब्द टोंचतो. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणें. येथें तण छाटलें आहे, मूळ जमिनींत आहे. आजही जगांत दरवर्षीं जे नवे कुष्ठरोगी आढळतात, त्यांतील निम्म्याहून अधिक भारतांतले असतात आणि त्यांची संख्या वर्षास लाखाच्या घरांत असते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे आढळणारे ते ह्यांतलेच. शब्द घाईनें मोठा निवडला, कीं माणसें शोधणें थांबवितात, आणि शोधणें थांबलें कीं आंकडा आपोआप लहान होतो. विद्यार्थ्यास ह्या विषयांत दुसरें कांहीं नाहीं शिकविलें तरी चालेल, पण लहान आंकडा पाहून आनंद मानण्यापूर्वीं मोजणारा घरोघर गेला होता काय, एवढें विचारण्यास शिकविलें पाहिजे.

कायद्यांतही हें मूळ फार दिवस राहिलें. कुष्ठरोग्यांस डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा इंग्रजी अमदानींतील कायदा २०१६ पर्यंत पुस्तकांतून गेला नव्हता, आणि जोडीदाराचा कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण हिंदु विवाह कायद्यांतून निघालें तें २०१९ सालीं. औषधें येऊन तेव्हां कितीएक वर्षें लोटलीं होतीं. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं अनेक औषधें एकत्र देण्याची शिफारस केली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कायदा औषधाच्या किती मागून चालतो तें कळतें. नातीचे म्हणणें असें कीं, हाही आरोग्याचाच अभ्यास आहे. आम्हांस प्रथम तें ओढून आणल्यासारखें वाटलें. पत्रिकांचा तो गठ्ठा आठवला म्हणजे वाटत नाहीं.

एक तक्रार मात्र आम्ही नोंदवून ठेवितों. ह्या विषयाचे म्हणविणारे कांहीं विद्यार्थी शहरांतून मोटारी भरून येतात, अर्ध्या दिवसांत सर्व पाहतात, बोटें झडलेल्या माणसांच्या शेजारीं उभे राहून छायाचित्रें काढवितात आणि चहा घेऊन परततात. पंढरीस जाऊन बाहेरूनच कळस पाहिल्याचा हा प्रकार. वारकऱ्यास तेंही पुरतें, कारण त्याचा देव तेथें थांबलेला असतो. रोगी थांबलेला नसतो, त्यास दुपारची कामें असतात. आमच्या वर्गास आम्हीं अशा सहलीस नेलें नाहीं. ज्यास पाहावयाचें त्यानें आपल्या आळींत पाहावें, असें सांगितलें.

तीन आठवडे संपल्यावर घरांत बैठक झाली. आम्हीं निकाल दिला कीं, विषय शिकण्याजोगा आहे, अवघड आहे, आणि त्यांत पैसा बेताचाच आहे. पुतण्यानें चौरंगावरचा कागद उचलून खिशांत घातला. बंधूंनीं एकच अट घातली. पदवी मिळाल्यावर पहिलें एक वर्ष तिनें आपल्याच मुलुखांत काम करावें, मग जग काय तें पाहावें. नात म्हणाली, "आजोबा, मला वाटलें होतें तुम्ही अवघड अट घालाल." आषाढांत ती मुंबईस गेली. पोंचवावयास बंधु स्वतः वर्ध्यापर्यंत गेले.

आळींत पाहावें, असें सांगितल्यामुळें मुलांनीं एक काम मात्र आपण होऊन अंगावर घेतलें. तिघातिघांच्या टोळ्या करून त्यांनीं आपापल्या आळींतील गेल्या वर्षभरांतील जन्म व मृत्यु लिहून काढिले. सोपें वाटलें, तें तसें नव्हतें. म्हाताऱ्यांचे मृत्यु सर्व सांगत. तेराव्याचें जेवण कोणास आठवत नाहीं? एका टोळींतील मुलगी एका घरीं मात्र दुसऱ्यांदा गेली, कारण पहिल्या खेपेस आजी म्हणाली होती, "आमच्याकडे कांहीं नाहीं," आणि आंतून सून कांहीं बोलली नव्हती. दुसऱ्या खेपेस आजी देवळांत गेलेली होती. सुनेनें सांगितलें कीं, माघांत मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशीं गेली. नवजात बालकांच्या मृत्यूंपैकीं बहुतेक पहिल्या आठवड्यांत होतात, आणि आपल्याकडे बारसें बाराव्या दिवशीं. त्यामुळें अशीं मुलें बिननांवाचीं जातात. सुतक थोडें, बोलणें त्याहून थोडें, आणि वर्षानें विचारावें तर घर म्हणतें, कांहीं नाहीं. महाराष्ट्रांतील बालमृत्यूंविषयींचा जो अहवाल २००१ सालीं डॉ. बंग व इतर संस्थांनीं काढिला आणि ज्यास त्यांनीं ‘कोवळी पानगळ’ हें नांव दिलें, त्याचेंही म्हणणें हेंच होतें कीं, खरे मृत्यु सरकारी कागदांत उतरतच नाहींत.

ती मुलगी वही घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, नांवाच्या रकान्यांत काय लिहूं?" आम्हीं तिला विचारलें, आई काय म्हणाली? "आईनें एक नांव मनांत ठरविलें होतें. पण तें मला सांगितलें नाहीं." तेव्हां तो रकाना तिनें कोरा ठेविला आहे. जन्माची व मृत्यूची तारीख मात्र त्या बाईस पुनः विचारून, पंचांगाशीं ताडून, शाईनें लिहिली आहे.